परक्याला जागा देणारी शहरे

चौदाव्या शतकात जवळपास तीस वर्षे जग पालथे घालणाऱ्या इब्न बतूताची काही शहरे फार आवडती होती. त्या आवडीमागे शहर जोखण्याची एक कसोटी होती आणि ती आजही जुनी झालेली नाही.

जगातील उत्तम शहरांच्या याद्या दरवर्षी प्रसिद्ध होतात. कोणी हवापाणी मोजतो, कोणी घरभाडे, तर कोणी रस्ते आणि रुग्णालये. आकड्यांची अशी रेलचेल असली, तरी एखादे शहर प्रवाशाच्या मनात घर का करते, याचा उलगडा त्या याद्यांतून क्वचितच होतो. त्यासाठी पुष्कळ शहरे पाहिलेल्या, त्यांतील काहींवर मनापासून लोभ जडलेल्या आणि त्या लोभाची कारणेही सांगून ठेवलेल्या माणसाकडे वळावे लागते. इब्न बतूता हा असा माणूस होता.

मोरोक्कोतील टँजियर या बंदरात १३०४ मध्ये जन्मलेला हा तरुण १४ जून १३२५ रोजी हज यात्रेसाठी एकटाच घराबाहेर पडला. तेव्हा त्याचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. मक्का गाठून परतण्याचा साधा बेत होता. प्रत्यक्षात तो इजिप्त, सीरिया, इराण, पूर्व आफ्रिका, तुर्कस्तान, मध्य आशिया, हिंदुस्थान, मालदीव आणि चीन असे करीत चोवीस वर्षांनी मायदेशी आला, आणि तरीही पायाची भिंगरी थांबली नाही म्हणून स्पेनमधील ग्रॅनाडा आणि सहारा वाळवंटापलीकडचे माली राज्य पाहून आला. एक लाख किलोमीटरहून अधिक असा हा प्रवास होता. मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने आपल्या आठवणी इब्न जुझय्य या लेखकाला सांगितल्या आणि १३५५ च्या अखेरीस ‘रिहला’ हा ग्रंथ सिद्ध झाला.

हा ग्रंथ वाचताना थोडी सावधगिरी बाळगावी लागते. बहुतेक मजकूर आठवणीतून सांगितलेला आहे. दमास्कस आणि मदिनेच्या वर्णनांतील बराच भाग इब्न जुबैर या बाराव्या शतकातील अंदालुसी प्रवाशाच्या ग्रंथातून उचललेला आहे. तो बीजिंगपर्यंत खरोखर पोहोचला होता की नाही, याविषयी इतिहासकारांमध्ये मतभेद आहेत. तथापि, तटबंदी आणि मनोरे यांची वर्णने उसनी घेता येतात. रस्त्यात पाहिलेला एखादा किरकोळ प्रसंग तसा घेता येत नाही. ग्रंथाचा खरा जिवंतपणा अशा प्रसंगांतच आहे आणि कोणते शहर त्याला का आवडले, हेही तेथेच उमगते.

फुटलेल्या ताटाची भरपाई

कैरो नगरी त्याने १३२६ मध्ये प्रथम पाहिली आणि तिला तो नगरांची माताच म्हणतो. उंटांवरून पाणी वाहणारे बारा हजार पखालवाले, भाड्याने जनावरे देणारे तीस हजार लोक, नाईल नदीवर सुलतानाच्या आणि रयतेच्या मिळून छत्तीस हजार नौका, असे आकडे तो देतो. ते काटेकोर नसतील. पण एका लहान बंदरातून आलेल्या तरुणाचे डोळे कसे दिपले असतील, याची कल्पना त्यांवरून येते. सुलतान कलावून याने उभारलेल्या रुग्णालयापुढे तर त्याचे शब्दच खुंटतात. मात्र, तो खरा रमतो तो सूफी फकिरांच्या मठांत. नवा फकीर दाराशी येऊन उभा राहतो. खांद्यावर नमाजाची चटई, उजव्या हातात काठी, डाव्या हातात पाण्याचे भांडे. मठाचा कारभारी त्याला गाव, गुरू आणि यापूर्वीचे मुक्काम विचारतो. उत्तरे खरी वाटली, की त्याची चटई आत अंथरली जाते. सकाळी सेवक येऊन प्रत्येकाला आज काय खाणार, असे विचारून जातो. अनोळखी माणसाला सामावून घेण्याची ही रीतसर व्यवस्था त्याने बारकाईने टिपून ठेवली आहे.

दमास्कसवर त्याचा जीव अधिकच जडला. सौंदर्यात सर्व शहरांना मागे टाकणारे शहर, असा त्याचा निर्वाळा आहे. तेथील उमय्यद मशिदीचे वर्णन तो पानेच्या पाने करतो. परंतु दमास्कसचे खरे वैभव त्याला दिसले ते तेथील वक्फांमध्ये, म्हणजे धर्मादाय दानांमध्ये. हज यात्रा न परवडणाऱ्यांसाठी वेगळा वक्फ, गरीब मुलींच्या लग्नासाठी वेगळा, कैद्यांच्या सुटकेसाठी वेगळा. वाटसरूंना अन्न, वस्त्र आणि गावी परतण्यापुरते पैसे देण्यासाठी आणखी एक. रस्त्यांच्या दुरुस्तीसाठीही वक्फ होता. कारण दमास्कसच्या गल्ल्यांना दोन्ही बाजूंनी पदपथ होते आणि स्वार मधून जात, पादचारी कडेने चालत.

अशाच एका गल्लीत एका लहान गुलाम मुलाच्या हातून चिनी मातीचे ताट पडून फुटले. मुलगा भेदरला, भोवती माणसे जमली. त्यांतील एकाने तुकडे गोळा करून भांड्यांच्या वक्फाच्या कारभाऱ्याकडे नेण्यास सांगितले आणि तो स्वतः मुलाबरोबर गेला. कारभाऱ्याने तुकडे पाहिले आणि तसेच ताट घेण्यापुरते पैसे मुलाच्या हातावर ठेवले. हे झाले नसते, तर धन्याने त्या मुलाला मारले असते, निदान फैलावर तरी घेतले असते, असे इब्न बतूता म्हणतो. ज्याने हे दान ठेवले, त्याने तुटलेली मने सांधण्याची सोय केली, असा त्याचा अभिप्राय आहे. भव्य मशिदीइतकेच महत्त्व त्याने या फुटक्या ताटाला दिले आहे.

त्याला स्वतःलाही या शहराने सांभाळले. रमजानच्या दिवसांत तो तापाने आजारी पडला, तेव्हा मालिकी पंथाच्या एका अध्यापकाने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, त्याच्यावर उपचार केले आणि निघताना वाटखर्चाची तरतूद करून दिली. तेथेच त्याने लग्नही केले. मात्र, पत्नी गरोदर असतानाच तो पुढच्या प्रवासाला निघाला.

दिल्लीचे देणे आणि दिल्लीचे भय

कॉन्स्टँटिनोपलमध्ये तो उझबेग खानाच्या एका राणीच्या लवाजम्याबरोबर गेला. ही राणी बायझंटाइन सम्राटाची कन्या होती आणि बाळंतपणासाठी माहेरी निघाली होती. सम्राटाने या परधर्मी पाहुण्याला मानाचा पोशाख, घोडा आणि अभयाची खूण म्हणून छत्री दिली. फरसबंद रस्ते आणि ऐसपैस बाजार पाहून तो प्रसन्न झाला. पण हागिया सोफिया त्याने बाहेरूनच पाहिले, कारण आत जायचे तर क्रुसापुढे नमावे लागत होते. आपुलकी होती, पण ती उंबरठ्यापर्यंतच.

दिल्लीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १३३३ मध्ये तो सिंधूकाठी पोहोचला आणि पुढे महंमद तुघलकाच्या दरबारी दिल्लीचा काझी झाला. वर्षाला बारा हजार दिनारांचा तनखा, जहागिरीची गावे, शिवाय अंगावर झालेले पंचावन्न हजार दिनारांचे कर्जही अखेर सुलतानानेच फेडले. परक्याला इतके भरभरून देणारे दुसरे शहर त्याला भेटले नाही. परदेशी पाहुण्यांना आदराने वागवावे, अशी सुलतानाची आज्ञाच होती. मुस्लिम जगताच्या पूर्वेकडील हे सर्वांत मोठे नगर, असे तो दिल्लीविषयी लिहितो. पण लगेच पुढे, एवढ्या मोठ्या नगरात वस्ती मात्र विरळ असल्याचेही नोंदवतो. १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला, म्हणजेच दौलताबादला, हलविण्याच्या खटाटोपाची ती खूण होती. शहर सोडण्यास नाखूष असलेल्या एका आंधळ्याला दिल्लीपासून दौलताबादपर्यंत फरपटत नेण्याचा हुकूम झाला आणि पोहोचला तो त्याचा केवळ एक पाय, ही ऐकीव कथा तो सांगतो. इतिहासकार तिला अतिरंजित मानतात. परंतु दिल्लीच्या हवेत भीती किती भिनली होती, हे तिच्यातून कळते. एका शेखाला भेटल्याच्या संशयावरून खुद्द इब्न बतूतावर पहारा बसला, तेव्हा त्याने उपास करून जपजाप्यात दिवस काढले. शेखाचा शिरच्छेद झाला, हा वाचला. दिल्लीने त्याला सर्वाधिक दिले. पण तिच्याविषयी लिहिताना दमास्कसच्या वर्णनातील निश्चिंतपणा कोठेही आढळत नाही. एका माणसाच्या मर्जीवर उभी असलेली आपुलकी त्याच माणसाच्या लहरीने नाहीशी होते, हा धडा त्याला येथे मिळाला.

दौलताबाद, नंदुरबार, खंबायत

चीनच्या बादशहाकडे सुलतानाचा वकील म्हणून तो दिल्लीहून निघाला आणि मराठी मुलखात शिरला. दौलताबादचे त्याने तीन भाग सांगितले आहेत: सुलतानाचे आणि लष्कराचे नगर, कटक नावाचा दुसरा भाग आणि देवगिरीचा अभेद्य किल्ला. किल्ल्यातील अंधारकोठडीत मांजरापेक्षाही मोठे उंदीर असल्याचे त्याने ऐकले होते. येथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, असे तो कौतुकाने नोंदवतो. गायक-गायिकांचा येथील बाजार तर त्याच्या मनात ठसलेला दिसतो. गालिचे अंथरलेली दुकाने, त्यांत झोपाळ्यासारख्या आसनावर बसलेल्या गायिका आणि बाजाराच्या मध्यभागी घुमटीत दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर बैठक मांडणारा गवयांचा प्रमुख, असे हे चित्र आहे.

पुढे नंदुरबार लागले. मराठ्यांची वस्ती असलेले लहान गाव, एवढीच त्याची ओळख करून देऊन तो थांबत नाही. येथील लोक कारागिरीत निपुण आहेत, त्यांच्यात उत्तम वैद्य आणि ज्योतिषी आहेत, भात, भाज्या आणि तिळाचे तेल हा त्यांचा आहार आहे, प्राण्यांना इजा करणे त्यांना आवडत नाही, जेवणापूर्वी ते काटेकोरपणे स्नान करतात आणि सात पिढ्यांचे अंतर असल्याखेरीज नात्यात लग्न करीत नाहीत, अशी माहिती तो देतो. पावणेसातशे वर्षांपूर्वीच्या खानदेशातील लोकजीवनावर एका परदेशी प्रवाशाने टाकलेला हा दृष्टिक्षेप मराठी वाचकाला मोलाचा वाटावा.

खंबायतेला पोहोचल्यावर मात्र लेखणी पुन्हा खुलते. घरांच्या आणि मशिदींच्या बांधणीत हे अत्यंत देखणे शहर आहे, असे सांगून तो लगेच कारणही देतो. येथील बहुसंख्य रहिवासी परदेशी व्यापारी आहेत आणि सुंदर वास्तू बांधण्यात त्यांची एकमेकांशी चढाओढ चाललेली असते. परक्यांना जागा दिल्याने शहर कसे सुंदर झाले, हे त्याने एका वाक्यात सांगितले आहे.

सर्वस्व गमावले ते बंदर

इब्न बतूताने जगातील थोर बंदरांची एक छोटी यादीच दिली आहे. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाचे वर्णन करताना, या बंदराच्या तोडीची बंदरे आपण फक्त चार पाहिली, असे तो म्हणतो: हिंदुस्थानातील कोल्लम आणि कालिकत, क्रिमियातील सुदाक आणि चीनमधील झैतून. पाचांपैकी दोन मलबारच्या एकाच किनाऱ्यावर असावीत, ही लक्षणीय गोष्ट आहे.

मलबारच्या वाटेवर दर अर्ध्या मैलाला लाकडी बाके असलेला निवारा आणि विहीर असे. विहिरीवरचा माणूस येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजी. हिंदूंना भांड्यातून आणि मुसलमानांना ओंजळीत. अन्नही परधर्मीयांना केळीच्या पानावर वाढले जाई. शिवाशिवीच्या या मर्यादा तो लपवत नाही, पण त्या पाण्याचे मोलही कमी लेखत नाही.

कालिकतला चीन, सुमात्रा, श्रीलंका, मालदीव, येमेन आणि इराण येथील व्यापारी येत. तो पोहोचला तेव्हा बंदरात तेरा चिनी जहाजे नांगरलेली होती. त्यांतील मोठी जहाजे बारा-बारा शिडांची असत आणि प्रत्येकावर सहाशे खलाशी आणि चारशे सैनिक असत. तीन महिने तो झामोरिन राजाचा पाहुणा होता. प्रयाणाच्या सुमारास वादळ उठले. शुक्रवारच्या नमाजासाठी तो किनाऱ्यावर राहिला होता, म्हणून वाचला. बादशहासाठीच्या भेटवस्तू असलेले जहाज किनाऱ्यावर आपटून फुटले. ज्या जहाजावर त्याचे स्वतःचे सामान आणि माणसे होती, ते तसेच निघून गेले. त्याच्याजवळ उरले दहा दिनार आणि अंथरायची एक सतरंजी.

असे शहर एखाद्याने आयुष्यभर शिव्याशापांनीच आठवले असते. इब्न बतूताला मात्र त्या किनाऱ्यावर वेगळेच काही दिसले. लाटांबरोबर वाहून येणारा माल लोकांनी लुटू नये, म्हणून झामोरिनचे शिपाई त्यांना पिटाळून लावत होते. मलबारात इतरत्र फुटलेल्या जहाजावरील माल राजाच्या खजिन्यात जमा होतो. कालिकतमध्ये तो मालकाचाच राहतो, आणि म्हणूनच हे शहर भरभराटीला आले, असे त्याने लिहून ठेवले आहे. बंदराची खरी श्रीमंती खोल पाण्यात किंवा मिरीच्या कोठारांत नसून बुडालेल्या परक्याला मिळणाऱ्या न्यायात आहे, हे त्याने स्वतः नागवले गेल्यावर ओळखले. म्हणूनच कालिकत त्याच्या यादीत कायम राहिले.

याच कसोटीने पुढे १३५२ मध्ये त्याने मालीची पारख केली. तेथील राजाने पाहुणचार म्हणून पाठविलेल्या तीन भाकरी, तळलेल्या मांसाचा तुकडा आणि भोपळ्यातील दही पाहून त्याला हसू आवरेना. तरीही, या देशात अन्याय सर्वांत कमी आहे, वाटा निर्धोक आहेत आणि येथे मरण पावलेल्या परदेशी माणसाच्या मालमत्तेला राजा हात लावत नाही, ही प्रशंसा त्याने हातचे राखून केलेली नाही.

सुरक्षित, तरीही परके

झैतून म्हणजे चीनच्या फूजियान प्रांतातील आजचे क्वानझाऊ. अरबी भाषेत झैतून म्हणजे ऑलिव्ह. पण येथे ऑलिव्ह मुळीच नाहीत, असे तो गमतीने सांगतो. येथील उंची रेशमी वस्त्रांची आणि बंदराच्या विशालतेची तो तोंडभरून स्तुती करतो. नवा मुसलमान व्यापारी आला, की येथे स्थायिक झालेले त्याचे धर्मबांधव आनंदाने त्याला आपली जकात देत, म्हणजे तोही त्यांच्याइतकाच संपन्न होई. प्रवाशासाठी चीन सर्वांत सुरक्षित देश आहे आणि जवळ मोठी संपत्ती घेऊन एकटा माणूस नऊ महिने निर्धास्त प्रवास करू शकतो, अशी त्याची ग्वाही आहे. मुक्कामाच्या सराईत रात्री अधिकारी सर्वांची नावे लिहून घेत, दाराला कुलूप लावत आणि सकाळी पुन्हा हजेरी घेत. एका बाजारातून जाऊन परत येतो, तो त्याची आणि त्याच्या सोबत्यांची हुबेहूब चित्रे भिंतींवर लागलेली. परदेशी माणूस गुन्हा करून पळाला, तर शोधता यावा म्हणून ही तजवीज होती.

अशा देशात त्याचे मन रमायला हवे होते, पण ते रमले नाही. मूर्तिपूजकांच्या या मुलखात तो खिन्न असे, फारसा बाहेर पडत नसे आणि धर्मबांधव भेटला की सगासोयरा भेटल्यासारखा हरखून जाई. हांगझाऊ हे आपण पाहिलेले सर्वांत मोठे शहर, असे तो सांगतो. पण त्या सांगण्यात जिव्हाळ्यापेक्षा आश्चर्यच अधिक आहे. चीनच्याच एका नगरात मोरोक्कोजवळच्या सेउता गावचा अल्-बुश्री नावाचा माणूस त्याला अचानक भेटला आणि दोघांनाही रडू कोसळले. पुढे सहाराच्या कडेला सिजिलमासा येथे त्याच माणसाच्या भावाच्या घरी तो उतरला, तेव्हा या दोन भावांमधील प्रचंड अंतराचे त्याला नवल वाटले. पहारा आणि नोंदवही माणसाला निर्धोक करतात. आपलेसे करण्यासाठी आणखी काही लागते.

यात त्याच्या दृष्टीची मर्यादाही दिसते. तो अरबी जाणणारा, धर्मशास्त्र शिकलेला काझी होता. मुस्लिम जगतात कोठेही गेला तरी त्याला मान आणि काम मिळे. त्याच्या सोयीसाठी राबणारे गुलाम होते, त्यांची खरेदी-विक्री त्याला वावगी वाटली नाही, आणि गोव्यातील सांदापूरवर होनावरच्या सुलतानाने केलेल्या स्वारीतही तो सामील झाला होता. तेव्हा त्याने वाखाणलेली प्रत्येक आपुलकी सर्वच परक्यांच्या वाट्याला येत होती, असे समजण्याचे कारण नाही. दमास्कसमध्ये ताट फोडणारा मुलगा गुलाम होता, हे विसरून चालत नाही. असे असूनही त्या मुलाची धास्ती या प्रवाशाच्या नजरेतून सुटली नाही, हे त्याच्या बाजूने मांडावेच लागेल.

पुन्हा दमास्कस

तो १३४८ मध्ये दमास्कसला परतला, तेव्हा मध्ये वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. तेथील पत्नीला मुलगा झाल्याचे त्याला हिंदुस्थानात कळले होते आणि त्याने मुलाच्या आजोबांकडे चाळीस सोन्याचे दिनारही पाठविले होते. आता त्याने पहिली चौकशी केली ती त्या मुलाची. मुलगा बारा वर्षांपूर्वीच वारला होता. टँजियरला वडील जाऊन पंधरा वर्षे झाली होती, हेही तेथेच समजले.

त्याच वर्षी प्लेगची काळी साथ सीरियात पोहोचली. दमास्कसमध्ये दिवसाला दोन हजारांपर्यंत माणसे मरू लागल्याचे तो सांगतो. शहराने तीन दिवस उपास केला. मग सारे नगर अनवाणी बाहेर पडले. मुसलमान कुराण घेऊन, ज्यू तोरा घेऊन, ख्रिस्ती बायबल घेऊन. बायका आणि लहान मुलेही त्यात होती. सगळे रडत, देवाची करुणा भाकत एकाच वाटेने चालत होते. ज्या शहराने फुटक्या ताटाचीही तरतूद करून ठेवली होती, त्याच्यापुढे आता कोणत्याही वक्फाच्या आवाक्यात नसलेले संकट होते. अशा वेळीही ते एकत्र चालले, याची नोंद त्याने आवर्जून केली आहे. पुढल्या वर्षी फेझकडे जाताना, आपली आईही याच साथीत गेल्याचे त्याला कळले.

आवडत्या शहरांची ओढ ही नेहमीच जुन्या भेटीची ओढ असते. अलेक्झांड्रियाचा प्रसिद्ध दीपस्तंभ पहिल्या खेपेस एका बाजूने ढासळलेला होता. १३४९ मध्ये त्याची इतकी पडझड झाली होती, की आत जाणेही शक्य नव्हते. मायदेशी परतल्यावर मोरोक्को हाच सर्वांत उत्तम देश, असे तो जाहीर करतो आणि पुरावा म्हणून स्वस्त फळे, वाहते पाणी आणि नाण्यांचे भाव सांगतो. ही सुलतानाला खूश करण्याची भाषा खरीच. पण चोवीस वर्षे परक्यांच्या दारी राहिलेल्या माणसाला घरच्या फळांची गोडी अधिक लागावी, हेही तितकेच स्वाभाविक आहे.

त्याच्या आवडत्या शहरांचे पुढे काय झाले, ते इतिहासात नमूद आहे. क्वानझाऊचे महत्त्व ओसरले आणि २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याची नोंद झाली, ती गतवैभवाची आठवण म्हणून. १९७९ पासून त्याच यादीत असलेले दमास्कसचे जुने शहर सीरियातील यादवीमुळे २०१३ मध्ये धोक्यातील वारशांत गेले, आणि वाटसरूंना घरी परतण्याचे पैसे देणाऱ्या देशातील लाखो माणसे दुसऱ्यांच्या शहरांत आसरा शोधू लागली. घाट, मनोरे आणि बाजार कोणत्याही शहराला उभारता येतात. कालिकतच्या किनाऱ्यावर वाहून आलेला माल मात्र मालकालाच परत मिळत होता. शहराची पारख करताना इब्न बतूताने तेवढे पाहिले, आणि आजही प्रवाशाने प्रथम तेच पाहावे.